पोच

रिमोट हातात घ्या. बटण दाबायची घाई करू नका. नुसता तळहातावर ठेवा, वजन जाणवू द्या. दोन बारीक सेल, एक हिरवी पट्टी, रबरी बटणांचा एक तुकडा आणि पुढच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढा दिवा. आमच्या रिमोटला सेलचं झाकण नाही, ते कधीच हरवलं. तिथे चिकटपट्टी आहे, आणि त्यावर धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी रबराने घट्ट बांधलेली. तुमचा कदाचित नवा असेल. असू द्या हातात.

मी वडगाव मावळला, आईच्या पलंगाशी बसले आहे. आषाढ आहे. बाहेर खाचरांत इंद्रायणी भाताची आवणी चालली आहे. हे वाण इथल्याच भात संशोधन केंद्रात तयार झालं, त्यामुळे गावाला त्याचं जरा जास्तच कौतुक. पाऊस असा लागला आहे की लोणावळ्याकडून येणारी लोकल आधी ऐकू येते आणि मग कधीतरी दिसते. चैत्रात आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ती घरी आली, आणि तिचा पलंग बाहेरच्या खोलीतून मधल्या खोलीत आणावा लागला, कारण तिथून मोरी जवळ. टीव्ही होता तिथेच राहिला. पलंगाच्या उशापासून टीव्ही २१ फूट.

त्या २१ फुटांवर मी दोन महिने विचार करते आहे. तुम्हीही थोडा वेळ माझ्याबरोबर करा. सावकाश.

रिमोटचं तोंड स्वतःकडे वळवा. वीतभरावर धरा आणि कुठलंही एक बटण दाबून ठेवा. काही दिसणार नाही. दिवा लागला आहे, पण डोळ्याला त्याची खबर नाही. आता फोनचा पुढचा कॅमेरा उघडा, आपण स्वतःचा फोटो काढतो तो, आणि त्याच्यासमोर रिमोट धरून पुन्हा दाबा. स्क्रीनवर एक फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. (बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून पुढचा.)

त्या ठिपक्यापाशी थांबा. तो तुमच्या घरात वर्षानुवर्षं लागतो आहे, बातम्यांना, मॅचला, सकाळच्या कीर्तनाला, आणि घरातल्या कुणी तो पाहिलेला नाही. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित कमी. आपल्या डोळ्यांची धाव सातशे-साडेसातशेच्या आसपास, तांबड्या रंगावर संपते. त्या कडेपलीकडेही उजेड आहे हे विल्यम हर्षल यांना १८०० साली कळलं. त्यांनी लोलकातून उन्हाचे रंग पाडले, एकेका रंगात थर्मामीटर ठेवला, आणि एक ठेवला तांबड्याच्या पुढे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. पारा सर्वांत जास्त तिथेच चढला. आपण आज त्याला अवरक्त म्हणतो.

ज्या तळहातावर रिमोट आहे, तो तळहातही अवरक्त प्रकाश देतो आहे. अंगाच्या उबेचा हा प्रकाश. त्याची तरंगलांबी रिमोटच्या प्रकाशाच्या जवळजवळ दहापट. आईच्या गालाजवळ हात नेला की टेकण्याआधीच ऊब लागते, त्यात थोडा वाटा या प्रकाशाचा असतो. हात तसाच राहू द्या. एकाच खोलीत, एकाच तळव्यावर, दोन न दिसणारे उजेड आहेत हे फक्त ध्यानात असू द्या.

आता टीव्हीकडे बघा. त्याच्या खालच्या कडेला, कोपऱ्यात कुठेतरी, काळपट प्लास्टिकचा इवलासा ठिपका असेल. दुरुस्तीवाले त्याला सेन्सर म्हणतात. मी त्याला डोळा म्हणते. ते काळं प्लास्टिक दिसणारा प्रकाश बाहेर ठेवतं आणि अवरक्ताला आत येऊ देतं. पण अवरक्त काय फक्त रिमोटचंच असतं? खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते भरपूर आहे. पिवळ्या बल्बमध्ये आहे. देवापुढच्या निरांजनात आहे. त्या डोळ्यावर दिवसभर चारही बाजूंनी हा उजेड येऊन पडतो, आणि तरी तो भलत्या वेळी चॅनल बदलत नाही.

पूर्वी बदलायचा. १९५५ साली झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी एक रिमोट केला होता. विजेरीसारखा. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही घटक, आणि ज्या कोपऱ्यावर झोत मारावा ते काम व्हायचं. त्याची अडचण अशी की खिडकीतून ऊन पडलं तरी टीव्हीला ती आज्ञाच वाटायची. झोत आणि ऊन यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतच नव्हता.

पुढे तो फरक थरथरीने कळू लागला. निरांजनाची ज्योत सेकंदाला फार तर दहा-पंधरा वेळा हलते. विजेचा बल्ब शंभर वेळा मंद-तेज होतो. ऊन तर स्थिरच. रिमोटचा दिवा मात्र सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि टीव्हीचा डोळा तेवढीच थरथर ऐकायला बसलेला असतो. बाकी कितीही झगमगाट असो, त्याला तो शांतताच समजतो. त्या थरथरीचेही तुकडे असतात. खूप ठिकाणी चालणाऱ्या एका पद्धतीत आधी नऊ मिलिसेकंदांची एक लांब हाक, मग साडेचारची शांतता, मग निरोप: कुणासाठी आहे ते, आणि काय करायचं ते. दोन्ही गोष्टी दोनदा सांगायच्या, एकदा सरळ आणि एकदा उलट्या करून. जुळलं तरच मानायचं. हे सगळं ६७.५ मिलिसेकंदांत उरकतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता डोळे मिटा. तुमच्याकडे पाऊस असेल तर पाऊस ऐका, नसेल तर पंखा. जे सतत आहे ते ऐका. थोड्या वेळाने ते ऐकू येईनासं होईल.

आमच्या मागच्या पडवीवर पत्रा आहे. रात्रभर त्यावर पाऊस ताशासारखा वाजतो, आणि मी झोपते. दोनच्या मालगाडीलाही झोपते. पण आईची बांगडी पलंगाच्या दांडीला लागली, एवढीशी, की मी उठून बसलेली असते. हे मला कुणी शिकवलं नाही. तुमच्या घरात तान्हं मूल असेल, आजारी माणूस असेल, तर तुमचंही असंच होत असणार. रिमोटचा पल्ला मोजताना आपण सगळे रिमोटकडेच बघतो. निम्माअधिक पल्ला त्या काळ्या ठिपक्यात आहे, तो जे ऐकायचं सोडून देतो त्यात आहे. हे कळल्यावर मी त्या ठिपक्यावरची धूळ पुसली. ओल्या फडक्याने नको, सुक्या मऊ कापडाने. चार वर्षांची धूळ होती.

डोळे उघडा. बाहेरच्या पावसाचंही यात एक काम आहे, आणि ते मला फार आवडतं. ९४० च्या आसपास हवेतली पाण्याची वाफ सूर्याचा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे उन्हातला नेमका तो भाग जमिनीपर्यंत कमी पोचतो. रिमोटसाठी ही तरंगलांबी सोयीची ठरली त्याचं हे एक कारण. म्हणजे सह्याद्रीवर चढलेल्या ज्या वाफेने मावळचं आभाळ भरलं आहे, तीच वाफ उन्हाचा गलबला थोडा खाली आणते आणि आईचा निरोप ऐकू यायला जागा करते. खोलीतल्या २१ फुटांत मात्र ती वाफ प्रकाशाला काही करत नाही, अंतरच तेवढं नाही. धुक्याची गोष्ट निराळी. लोणावळ्याच्या धुक्यातून अवरक्त आरपार जात असेल असं मला वाटायचं. तसं नाही. धुक्याचा थेंब या प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठा, तो दिसणाऱ्या उजेडाला जसा पसरवून टाकतो तसाच यालाही.

आता उभे राहा. टीव्हीसमोर जा, तीन पावलांवर थांबा, बटण दाबा. चाललं. तीन पावलं मागे या. पुन्हा दाबा. चाललं. आणखी मागे. असं करत भिंतीला पाठ लागेपर्यंत या, आणि दर थांब्यावर मनात आणा की पुढच्या दिव्याचा उजेड किती पातळ झाला असेल. दुप्पट अंतरावर तो निम्मा होत नाही. तोच उजेड दुप्पट रुंदीवर आणि दुप्पट उंचीवर पसरतो, म्हणून टीव्हीच्या डोळ्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. तिप्पट अंतरावर नववा.

इथून लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याची लेणी आहेत. तुम्ही गेला असाल. चैत्यगृहाच्या दारात उभं राहिलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि पार शेवटी स्तूप. लांबी सुमारे १२४ फूट. दरवाजावरच्या पिंपळपानी खिडकीतून येणारा उजेड त्या लांबीवर कसा मऊ होत जातो ते आठवा. आमचा रिमोट नव्या सेलवर समोरासमोर ३१ फुटांवरून चालला, म्हणजे साडेनऊ मीटर. घरगुती रिमोटचं साधारण एवढंच असतं. आता मनातल्या मनात तो घेऊन चैत्यगृहाच्या दारात उभे राहा. १२४ म्हणजे ३१ ची चौपट. तेवढ्या पल्ल्यासाठी या दिव्याला सोळापट प्रकाश द्यावा लागेल. सोळापट! मला हे लिहून पाहिल्यावर पहिल्यांदा खरं वाटलं. पायांनी चार पावलं चालायला चारच पावलं लागतात, उजेडाला त्याची किंमत सोळा पडते.

याच गणिताला दुसरी बाजू आहे आणि ती मायेची आहे. सेल उतरले, दिव्याचा प्रकाश निम्मा झाला, तरी पल्ला निम्मा होत नाही. सात दशांश उरतो. ३१ फुटांचे २२ होतात. म्हणून सेल संपत आल्याचं आपल्याला बरेच दिवस कळत नाही. आपण नकळत हात थोडा लांब करतो, पुढे वाकतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि काम होतं. चालतं माणूस ते पाऊल सहज टाकतं. आईला ते टाकता येत नव्हतं.

वैशाखात ती म्हणाली, “आज पोचंना बघ याला.” मी सेल काढून तळहातावर घोळवले, परत बसवले, चाललं. सगळेच असं करतात. घोळवल्याने सेलमध्ये काही भरत नाही. टोकांवर बसलेला मळ तेवढा घासला जातो आणि स्प्रिंग पुन्हा नीट टेकते. मावळच्या दमटपणात त्या स्प्रिंगांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं चढतं, ते खोडरबराने घासून काढावं. मी नवे सेल आणले. आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका रात्री मला जाग आली तर टीव्ही चालूच, कुठली तरी जाहिरात मोठ्याने चाललेली, आणि आई अंधारात रिमोट धरून बसलेली. हात पुढे ताणलेला, मनगट थरथरतंय. तिने मला हाक मारली नव्हती. “तू आत्ताच पडली होतीस,” म्हणाली.

मी बंद करून आले आणि तिच्या शेजारी बसून राहिले. त्या रात्री मला कळलं की आईसाठी रिमोटचा पल्ला म्हणजे कुणाला न उठवता ती जे करू शकते त्याची हद्द आहे. पाणी मागावं लागतं, मोरीला न्यावं लागतं, वेणी घालून घ्यावी लागते. टीव्ही तेवढा तिच्या हातात होता. तोही २१ फुटांवर निसटत होता.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आता त्यांच्या जागी जाऊन बसा. खरोखर बसा, पलंगावर, त्यांच्या उशाशी पाठ टेकून. तिथून खोली निराळी दिसते. मी बसले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की दाराच्या चौकटीतून पडद्याचा बराच भाग दिसतो, पण खालचा उजवा कोपरा चौकटीआड जातो. आणि डोळा त्याच कोपऱ्यात आहे. दोन महिने आई ज्याला पाहून बटण दाबत होती तो पडदा होता. ज्याने ऐकायचं तो समोर नव्हताच.

मग इतके दिवस पोचत कसं होतं? भिंतींवरून. तुम्हीही करून बघा: रिमोट टीव्हीकडे न धरता छताकडे धरा, मागच्या भिंतीकडे धरा. पांढऱ्या चुन्याच्या खोलीत बहुतेक वेळा चालेल. प्रकाश भिंतीवर आपटून चहूकडे उधळतो आणि त्यातला एक कण डोळ्यापर्यंत येतो. पण आमची मधली खोली म्हणजे जुनं माजघर. तिथे आजीची चूल होती, आणि त्या बाजूची भिंत अजून काजळीने काळसर आहे. काजळी हा उजेड गिळते. (काळं दिसतं ते सगळंच असं गिळत नाही. पुष्कळ काळी रंगवलेली कापडं अवरक्तात चांगली उजळ असतात.) नवे सेल त्या भिंतीला पुरून उरत होते. सेल जरा उतरले की सगळा उजेड काजळीतच राहायचा.

काच मात्र त्याला अडवत नाही. आमचा सेट टॉप बॉक्स शोकेसच्या काचेआड आहे, तरी ऐकतो. त्या काचेसमोर, न टेकवता, तळहात धरून बघा, तळव्याच्या उबेचा प्रकाश पलीकडे जात नाही. त्या दहापट लांब प्रकाशाला काच म्हणजे भिंत. इथून पुढचं स्टेशन तळेगाव, तिथे १९०८ मध्ये लोकांनी एकेक पैसा देऊन पैसाफंड काच कारखाना उभा केला. शोकेसवरून हात फिरवताना मला तो आठवतो. माझ्या आजोळच्या घरात तळेगावची बरणी होती, आणि आजी ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

अजून एक गोष्ट मनात घोळवा. रिमोट फक्त सांगतो. त्याला ऐकू येत नाही. निरोप गेला की नाही, टीव्हीने घेतला की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. टीव्हीच्या डोळ्याशेजारचा तांबडा दिवा एकदा मिचकतो तो माणसासाठी, रिमोटसाठी नव्हे. आईच्या पिढीने पोस्टकार्डाच्या शेवटी लिहिलं, “पत्राची पोच द्यावी.” आजही मी पुण्याला निघाले की ती म्हणते, “पोचलीस की फोन कर.” तासाभराचा तर प्रवास, शिवाजीनगरपर्यंतची लोकल. पण फोन आल्याशिवाय ती जेवायला बसत नाही. अशा बाईच्या हातात मी एकतर्फी यंत्र दिलं होतं, आणि वर तो तांबडा दिवा चौकटीआड ठेवला होता. म्हणून ती तेच बटण पुन्हा पुन्हा, जोरात दाबायची. जोराने काही होत नाही हे मी तिला दोनदा समजावलं होतं, याचं आता वाईट वाटतं. तिला जोर लावायचा नव्हता. तिला पोच हवी होती.

टीव्ही हलवणं हा साधा उपाय, पण केबलची वायर आणि प्लग त्याच भिंतीत. पलंग हलवला तर मोरी लांब. तेव्हा मी माळ्यावरून आजीची फणेरपेटी काढली. आत करंडा, लाकडी फणी, आणि झाकणाला आतून लावलेला आरसा, एका कोपऱ्याला पारा उडालेला. बाहेरच्या खोलीतल्या डाव्या भिंतीच्या कोनाड्यात ती पेटी ठेवली, झाकण उघडं. आईच्या उशाशी पाठ टेकून बसले, आणि भाच्याला सांगितलं, झाकण थोडं थोडं कलव. आधी आरशात खिडकी आली. मग कॅलेंडर. मग शोकेस. “थोडं अजून.” मग एकदम त्या धुरकट काचेत एक बारीक तांबडा ठिपका येऊन थांबला. “हं, सोड.” जो आपल्याला आरशात दिसतो, त्यालाही त्याच वाटेने आपण दिसतो. उजेडाला जायची-यायची वाट एकच. वळणासकट २४ फूट भरले. मी झाकणाखाली कागदाची घडी करून सारली.

आईने रिमोट आरशाकडे धरला. तिला ते विचित्र वाटलं, टीव्हीकडे पाठ केल्यासारखं. “तिकडं करू?” म्हणाली. मी म्हटलं, त्या तांबड्या ठिपक्याला सांग. तिने दाबलं, अगदी हलक्या हाताने. आरशातला ठिपका मिचकला.

दुसऱ्या दिवशी पालख्यांच्या प्रस्थानाचं दाखवणार होते. देहू इथून जवळ, इंद्रायणी नदीच्या काठी. चालती होती तेव्हा ती दर वर्षी जाऊन यायची. पहाटे पाऊस चालूच होता. मी जागी झाले तेव्हा बाहेरच्या खोलीतून टाळांचा आवाज येत होता, बारीक, मला ऐकू येईल न येईल इतका. तो एक घर आणखी बारीक झाला. मी उठले नाही. अंधारात कुशीवर वळले तेव्हा कोनाड्यातला आरसा मला दिसत नव्हता, माझ्या जागेवरून तो दिसतच नाही. तिच्या जागेवरून दिसतो.